तुम्ही विचारलंत म्हणून: घरांना गुण देणे मी का थांबवले

गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यातील रानाच्या कडेची घरे वणव्याच्या दृष्टीने पाहायला आम्ही काही जण दर जानेवारीत स्वेच्छेने जातो, हे तुम्हाला माहीत आहे. पूर्वी मी प्रत्येक घराला दहापैकी गुण लिहून देत असे, आता देत नाही. देवळात, बसथांब्यावर, लग्नाच्या पंगतीत मला एकच प्रश्न येतो: ‘मास्तर, गुण का बंद केलेत? जबाबदारी नको म्हणून?’ आजवर मी काहीतरी बोलून विषय टाळत आलो. आता एकदा नीट लिहितो.

गुणांची कल्पना माझीच होती. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, वरून नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती आणि खाली आपण हिरव्या फांद्यांनी जाळ झोडपत होतो, तेव्हाच मला वाटले होते की आग आल्यावर धावण्यापेक्षा घरे आधी पाहावीत. मग वाचायला लागलो. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांच्या प्रयोगांत पेटत्या रानापासून 30 मीटरवर उभी केलेली लाकडी भिंतसुद्धा पेटली नव्हती. घरे पेटतात ती बहुतेक वेळा उडून आलेल्या ठिणग्यांनी आणि भिंतीलगतच्या सुक्या वस्तूंनी. म्हणून भिंतीपासून दीड मीटरच्या पट्ट्यात जळण्याजोगे काहीही नसावे, पुढे 9 मीटरपर्यंत करड म्हणजे सुके गवत आणि पाचोळा काढलेला असावा आणि 30 मीटरपर्यंत सुके फारसे साचू देऊ नये, असा त्यांच्याकडचा दंडक आहे. आपल्याकडे आग शेंड्यांवरून क्वचितच धावते. ती करडातून आणि काजूच्या पाचोळ्यातून जमिनीलगत सरपटत येते, त्यामुळे आपल्या अंगणाला हा दंडक अधिकच लागू पडेल, अशी माझी खात्री होती. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला त्याचे गुणपत्रक करावेसे वाटले, यात मला आजही काही गैर दिसत नाही. चार गुण मिळालेल्या घराने आठवड्यात कौलांखालच्या रिपांवरचा पाचोळा झाडून मला परत बोलावल्याचे मी पाहिले आहे. केवळ उपदेशाने ते घडले नसते.

दुसऱ्या हंगामात एका काकींच्या घराला मी आठ गुण दिले. त्या एकट्या राहतात. मुलगा कामानिमित्त बाहेर असतो आणि पंधरा दिवसांनी येतो. अंगण सारवलेले होते, करड कापलेले होते, कौलांच्या फटी बुजवलेल्या होत्या. मागच्या पडवीत वळचणीखाली चार चिरे दोन ओळींत मांडलेले मी पाहिले. त्यांवर काही नव्हते, म्हणून मी काही लिहिले नाही. फेब्रुवारीत मुलाने पावसाळ्याची बेगमी म्हणून गाडीभर लाकडे आणून त्याच चिऱ्यांवर भिंतीला टेकून रचली आणि वर माडाची झावळे टाकली. मार्चमध्ये शेजारच्या भाटात, म्हणजे बागायतीत, काजूच्या बिया वेचायला सोपे जावे म्हणून कोणीतरी पाचोळा ओढून पेटवला आणि दुपारी वारा फिरला. आग काकींच्या अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि माझ्या सांगण्यानुसार राखलेल्या मोकळ्या पट्ट्यावर थांबली. माणसे तिथेच फांद्या घेऊन उभी होती, सगळ्यांची पाठ घराकडे होती. ठिणग्या त्यांच्या डोक्यावरून गेल्या आणि झावळांवर पडल्या. कोणी मागे वळेपर्यंत वासे पेटले होते. मागची पडवी, स्वयंपाकघर आणि लगतचा गोठा गेला. गोठ्यात बांधलेली पाडी सोडवता आली नाही.

मी संध्याकाळी पोहोचलो. काकी पुढच्या ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी दिनदर्शिकेमागे जपून ठेवलेला कागद काढून माझ्यासमोर धरला आणि जराही न रागावता त्या म्हणाल्या, ‘मास्तर, तुम्ही आठ दिलेले ना? मुलगा लाकडं दुसरीकडे रचूया म्हणत होता. मीच त्याला म्हटलं, मास्तरांनी घर बघितलंय.’

तो कागद माझ्याच अक्षरातला होता आणि त्यावर तारीख होती. ती तारीख वाचून मला कळले की मी एका दिवसाच्या घराला गुण दिले होते आणि काकींनी ते पूर्ण उन्हाळ्याला मिळाले असे मानले होते. ‘लाकडे नंतर आली, त्यात माझा काय दोष’ असे मी कित्येक रात्री स्वतःला सांगितले. पण या गावांत वाढलेल्या माणसाला पडवीत चिरे कशासाठी मांडतात हे ठाऊक नसते का? मला ठाऊक होते. मी विचारले नाही, कारण माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

तेव्हा जबाबदारी टाळण्यासाठी मी गुण थांबवले का, याचे उत्तर ‘काही अंशी होय’ असे आहे. पुन्हा कोणी तो कागद माझ्यासमोर धरावा, हे मला सहन होणार नाही. पण तेवढेच कारण नाही. गुण मिळाले की माणूस घराकडे पाहणे थांबवतो आणि पाहणी मास्तरांवर सोपवतो, असे माझे मत झाले आहे. आता मी कागदावर फक्त प्रश्न लिहितो: लाकडे कुठे रचणार, केव्हा रचणार, झावळे कुठे ठेवणार, दुपारी घरात कोण असते.

माझे सहकारी हे मानत नाहीत. गुण बंद झाल्यापासून परत बोलावणारी घरे कमी झाली, असे ते म्हणतात आणि ते खरे आहे. तक्ता घेऊन उत्साहाने फिरणारा पूर्वीचा मी आज समोर आला, तर तो विचारील की काकींसारखे एक घर जळाले म्हणून तू इतर घरांची घाई का काढून घेतलीस. त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नाही. त्याला मी एवढेच विचारू शकतो की पाडीच्या दाव्याची गाठ तू तपासली होतीस का.

शिवाय लाकडांचा प्रश्न मला अजून सोडवता आलेला नाही. घरापासून 9 मीटरवर लाकडे रचा, हा सल्ला ज्या मुलखातला आहे तिथे जूनपासून चार महिने आपल्यासारखा पाऊस कोसळत नाही. लाकडे उघड्यावर ठेवली तर ती कुजतात. म्हणून मी सांगू लागलो की उन्हाळाभर ती लांब ठेवा आणि मृगाच्या तोंडावर आत घ्या. पण वळवाचा पाऊस मे महिन्यातच येतो, आणि गाडीभर लाकूड दोनदा वाहायचे कोणी?

यंदा काकींकडे गेलो. स्वयंपाकघर नवे बांधले आहे, वर पत्रा आहे, आणि गोठा मुद्दाम दूर घेतला आहे. मागे गेलो तर पडवीत चार चिरे पुन्हा दोन ओळींत मांडलेले होते. या वेळी मी विचारले. काकी म्हणाल्या, ‘दुसरीकडे सुकं कुठे राहातं, ते तुम्ही सांगा, तिथे रचते.’ आम्ही दोघे घराभोवती दोनदा फिरलो. जागा सापडली नाही. पुढच्या रविवारी मुलगा घरी असेल, तेव्हा मी पुन्हा जाणार आहे.