असे समजते

‘मंत्रिमंडळाचा विस्तार येत्या आठवड्यात होणार असल्याचे समजते.’ हे वाक्य मी पेपर वाचायला लागल्यापासून वाचतो आहे. मंत्री बदलले, पक्ष फुटले, चिन्हंसुद्धा इकडची तिकडे गेली. ‘समजते’ मात्र पहिल्या पानावर ठाण मांडून आहे.

पण समजते कुणाला? घरात आपण ‘मला समजलं’, ‘वहिनींना समजलं’ म्हणतो. बातमीत समजणारा माणूस अलगद गळतो आणि सांगणारा तर त्याआधीच पसार झालेला असतो. मंत्रालयात सहाव्या मजल्यावर, मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाच्या आसपास, लिफ्टची वाट बघता बघता कुणीतरी काहीतरी पुटपुटतं. पुटपुटणाऱ्याला नाव नको असतं, ऐकणाऱ्याला बातमी हवी असते. दोघांचंही भागवणारं क्रियापद म्हणजे ‘समजते’.

यात नुसती लबाडी नाही. नावं फुटायला लागली तर उद्या कोण तोंड उघडेल? 1978च्या प्रेस कौन्सिल कायद्यातही, कौन्सिलपुढच्या कामकाजात बातमीदाराला बातमी कुणी दिली हे सांगायची सक्ती करता येत नाही, असं कलम आहे.

सरावाने या शब्दांचे भाव कळू लागतात. ‘दावा केला’ म्हणजे खरंखोटं त्याचं तो जाणे. ‘चर्चा आहे’ म्हणजे कॅन्टीनच्या चहाबरोबर आलेलं. ‘जाणकारांचे मत आहे’ म्हणजे बहुधा बातमीदाराचं स्वतःचं! या सगळ्यांत मला ‘समजते’ त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं. ऐकलंय, पक्कं नाही, एवढं ते कबूल करतं.

खोड आपली, वाचणाऱ्यांची. ठाण्याला पेपरात ‘होणार असल्याचे समजते’ असलेलं दादर येईपर्यंत चौथ्या सीटवरच्या काकांच्या तोंडी ‘ठरलं हो, शुक्रवारी शपथविधी!’ झालेलं असतं. शुक्रवार कुठून आला, कुणी विचारत नाही. मोबाइलवर तर पुढे ढकलताना शेवटचा शब्द आधी उडतो.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे मर्म बरोबर ओळखलंय. मध्यंतरी फळ्यावर त्यांच्या अक्षरात सूचना होती: ‘उद्या पाणी येणार नसल्याचे समजते.’ झालं! रात्री घराघरांत बादल्या, पिंपं, कुकरचे डबेसुद्धा भरले गेले. सकाळी पाणी नेहमीच्या वेळेला, नेहमीपेक्षा जोरात. जाब विचारायला गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, “येणार नाही असं मी कुठे लिहिलंय?”