थंडीत पळताना अडलं ते बनियनपाशी

थंडीत पहाटे पळायचं ठरवलं तेव्हा बूट, कानटोपी, हातमोजे हे सगळं दोन दिवसांत जमलं. अडलं ते अंगालगतच्या कपड्यापाशी. त्यात माझे तीन आठवडे गेले.

‘गरम कपडे घालून जा’ असं जो तो सांगतो. मीही सुती बनियन, त्यावर सुती टी-शर्ट आणि वर जाड स्वेटशर्ट चढवून निघायचो. पहिली दहा मिनिटं मस्त ऊब. मग घामाच्या धारा. परतायला वळलं की वारा समोरून यायचा आणि अंगाला चिकटलेलं ओलं कापड गारढोण पडायचं. घरी पोचेपर्यंत दातावर दात वाजायचे, बोटं इतकी बधिर व्हायची की बुटाच्या नाड्या सुटायच्या नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणखी एक कपडा चढवायचो. घाम वाढायचा, त्याबरोबर हुडहुडीही. एकदा आल्या आल्या बनियन पिळलं, तर पाणी निथळलं. तेव्हा कळलं, मला गारठवत होता तो माझाच घाम.

सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. पाणी स्थिर हवेपेक्षा जवळपास 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, मग ऊब टिकणार कशी? पॉलिएस्टर त्यामानाने पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून लवकर वाळतं. मेरिनो मेंढीची मऊ लोकर दमट झाली तरी बरीच ऊब राखते. एवढी साधी गोष्ट सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही सांगितली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

आता अंगाला नीट बसणारा पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट, बस. जॅकेटला चेन हवीच, तापलं की छातीपर्यंत उघडता येते. दाराबाहेर पाऊल टाकताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पारा 5 अंशांवर असेल तर 15 अंशांत फिरायला जाताना घालाल तेवढंच घाला. शून्याखाली मात्र मध्ये एक पातळ लोकरी थर लागतो.

मोज्यांचे दोन जोड बुटात कोंबू नका, पाय आवळला की बोटं जास्तच गारठतात. आणि हो, वाऱ्याचं राहिलंच: जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. थांबलात की आधी ओले कपडे बदला, स्ट्रेचिंग नंतर.

परवा पळून आलो आणि नाड्या पहिल्याच झटक्यात सुटल्या.