चार तासांची स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरी चार तासांत काढणीला येते, असं मी भिलारच्या काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग भाव काय राहिला असंल?"

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. भिलार हे पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं गाव. आता 'पुस्तकांचं गाव' म्हणून लोक गाड्या करून जातात, पण आमच्या लेखी ते स्ट्रॉबेरीचंच. पावसाळा ओसरला की गादीवाफे, ठिबक, लागण, मल्चिंगचा कागद. थंडी पडायला लागली की पहिला तोडा आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तोड्यामागून तोडे. एक अवकाळी सर आली की सगळं गणित पाण्यात. असल्या माणसाला मी फार्मव्हिल नावाचा फेसबुकवरचा शेतीचा खेळ समजावून सांगत होते. दहा नाण्यांचं बी, चार तास, पस्तीस नाण्यांचं पीक.

"भाव पडत न्हाई?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग खेळ कसला त्यात," काका म्हणाले आणि कप पुन्हा उचलला.

हा प्रश्न मला तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखा वाटला, पण तो काही डोक्यातून गेला नाही. कारण खरंच, त्यात खेळ कुठे होता? हरणं नाही, जिंकणं नाही. समोरच्याचा डाव ओळखायचा नाही, हाताचं कसब लागत नाही. चौकोनावर क्लिक केलं की नांगरट, दुसऱ्या क्लिकला पेरणी, तिसऱ्या क्लिकला काढणी. शेत मोठं झालं की नुसती क्लिकची हमाली. पुढे खेळवाल्या कंपनीने ट्रॅक्टर आणला तर त्याचं इंधन संपायला लागलं! म्हणजे हमालीतून सुटका व्हावी म्हणून पुन्हा इंधनामागे धावा. माझं पोट आकड्यांवर चालतं, दिवसभर ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीची व्हाउचरं उरकायची आणि मधल्या सुट्टीत जाऊन पुन्हा बिनपगारी क्लिक करायचं, हे कुठल्या शहाण्या बाईचं लक्षण?

पण मी एकटी वेडी नव्हते. झिंगा नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीने २००९ च्या जूनमध्ये फेसबुकवर हे शेत उघडलं. ऑर्कुट या फेसबुकसारख्याच जुन्या साइटवरून आम्ही मंडळी तिकडे सरकत होतो तेच हे दिवस. २०१० च्या सुरुवातीला महिन्याला आठ कोटींहून जास्त लोक ते कसत होते. बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्ह शहरात तर एका नगरसेवकाला त्याच वर्षी समितीतून काढून टाकलं, कारण तो सभेत बसून फार्मव्हिलच्या गायी दोहत असे. त्याचा बचाव मला आजही आवडतो: दुसरे एक सभासद माझ्यापेक्षा वरच्या लेव्हलला आहेत, त्यांना कोणी काही बोलत नाही.

लोक म्हणतात, असले खेळ म्हणजे वेळ घालवायचं साधन. मला हे पटत नाही. वेळ घालवायचं साधन आपल्या सवडीने चालतं. मासिक चाळलं, ठेवून दिलं, मासिक काही बोलावत नाही. इथे उलट होतं. स्ट्रॉबेरी चार तास, भोपळा आठ तास, भात बारा, सोयाबीन एक दिवस, वांगी दोन दिवस, गहू तीन दिवस. वेळेवर काढलं नाही तर पीक वाळून काळंनिळं. त्यामुळे आमच्या ऑफिसात डबा उघडण्याआधी स्ट्रॉबेरी पेरली जायची, म्हणजे संध्याकाळच्या डोंबिवली लोकलसाठी निघायच्या आत ती काढता यायची. रात्री झोपताना भोपळा. शनिवार-रविवार देवरूखला सासरी जायचं असेल तर गहू, कारण तिथे तेव्हा धड नेट नव्हतं. आमच्याकडच्या रिसेप्शनिस्टला कुठल्या पिकाला किती तास हे सगळं पाठ होतं. आयुष्यात कुंडीतली तुळस तिच्याकडून जगली नाही, पण सोयाबीनचा हिशोब विचारा.

तर वेळापत्रक ही एक गोष्ट. पण नुसत्या वेळापत्रकाने माणूस इतका बांधला जात नाही, नाहीतर आम्ही सगळ्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या. खरी मेख शेजाऱ्यांत होती. शेत वाढवायचं तर शेजारी हवेत. ते नसतील तर खरे पैसे मोजा. शेजाऱ्याच्या शेतात जाऊन खत घालायचं, तो आपल्याकडे येऊन घालणार. रोज एक झाड किंवा जनावर फुकट पाठवायचं, तो परत काहीतरी पाठवणार. यातलं काहीही तुमच्या खिशातून जात नाही, मिळतं तेही कवडीमोल. तरी आलेलं झाड परत न फेडता झोपायला गेलं की टोचतं.

हे टोचणं मला फार ओळखीचं होतं. माझ्या लग्नात आईने घातलेली आहेराची वही अजून माहेरच्या कपाटात आहे. कोणी एकशे एक दिले, कोणी स्टीलचा डबा, कोणी ब्लाउजपीस. त्यांच्याकडे कार्य निघालं की ती वही काढायची, पाहायचं आणि थोडं वर चढवून द्यायचं. ती सगळी पातेली आणि ब्लाउजपीस गेली चाळीस वर्षं पंचक्रोशीत नुसती फिरताहेत, वापरात कोणाच्याच नाहीत. पण वहीत नाव आहे तोवर नातं आहे. हिशोब चुकता झाला की संपलं, म्हणून तो कधी पुरता चुकता करायचाच नाही. झिंगाने ही वही आपल्याकडून चोरली असं मी म्हणत नाही. जगात सगळीकडे ती कुठल्या ना कुठल्या रूपात असणारच. पण कोणीतरी ती उघडून, नीट अभ्यास करून, तिच्यावर दुकान थाटलं, हे मात्र नक्की.

आता थोडं घरचं सांगते, कारण त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणता येणार नाही. देवरूखच्या घराच्या वाटणीवरून माझे मिस्टर आणि मोठे दीर यांचं बिनसलं. पुरुषांचं बिनसलं की बायकांनीही बोलायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. मोठ्या जाऊबाई, म्हणजे ताई, बोरिवलीला, मी डोंबिवलीला. फोन बंद, दिवाळीचा फराळ बंद. अशात एक दिवस फेसबुकवर पाटी आली: ताईंच्या शेतात एक उदास तपकिरी गाय भटकत आली आहे, तिला घर हवं आहे. ही पाटी त्या खेळात सगळ्यांनाच येत असे. ताईंनी ती लिहिली नव्हती, फक्त एक बटण दाबलं होतं. मी गाय घेतली. मीही फक्त बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी ताईंकडून एक झाड आलं. मी खत घालून आले. मग हे रोजचं सुरू झालं. एका शब्दाची देवघेव नाही. फोन केला असता तर काय बोलायचं हा प्रश्न होता. कोणी आधी करायचा, नवऱ्याला सांगायचं का, घराचा विषय निघाला तर काय? इथे यातलं काहीच नव्हतं. कोणी विचारलंच असतं तर दोघींनाही सांगता आलं असतं की अहो, तो तर खेळ आहे. मला वाटतं, या खेळांच्या बाष्कळपणाचा खरा उपयोग हाच आहे. ते इतके फालतू आहेत की त्यांच्या आडून केलेल्या कशाचीच जबाबदारी घ्यावी लागत नाही. तेच बुद्धिबळ असतं तर ताईंना हरवायचं की जिंकू द्यायचं, यावरच माझं अडलं असतं.

पुढे नात्यातल्या एका मुंजीत आम्ही समोरासमोर आलो. बऱ्याच काळाने ताई माझ्याशी बोलल्या ते वाक्य असं होतं: "अगं, तुझी वांगी वाळली सगळी. मी खत घालायला आले तर काही उरलंच नव्हतं." मी म्हटलं, ताई, ऑडिट चालू होतं. मग आम्ही पंगतीत शेजारी बसलो. यावरून खेळाने घर जोडलं असं कोणी समजू नये. वाटणीचा दावा अजून चालू आहे आणि आमची बाजू बरोबर आहे.

इयन बोगोस्ट नावाच्या अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने, जो स्वतः गेम बनवतो, २०१० मध्ये फेसबुकवर 'काऊ क्लिकर' काढला. असले खेळ किती पोकळ आहेत हे दाखवायला केलेली थट्टा. एक गाय. तिच्यावर क्लिक करायचं. पुढचं क्लिक सहा तासांनी. मित्रांच्या गायी आपल्या कुरणात आणल्या की त्यांच्या क्लिकचाही फायदा. बस, बाकी काही नाही. लोकांनी थट्टा समजून हसून सोडून द्यावं, तर पन्नास हजारांहून जास्त जण खेळायला लागले, काहींनी वेगळ्या रंगाच्या गायीसाठी खरे पैसे मोजले. अखेर २०११ मध्ये त्याने सगळ्या गायी गायब केल्या. तर त्या रिकाम्या जागेवरही लोक क्लिक करत राहिले! मला त्या प्राध्यापकाची कीव येते आणि त्याचं कौतुकही वाटतं. त्याला गाय पोकळ आहे एवढं दिसलं. कुरणात आणखी कोण कोण उभं आहे, याचं वजन लोकांना जास्त होतं असं आपलं माझं मत.

अर्थात दुकान ते दुकानच. बहुतेकांनी कधी एक पैसा दिला नाही, थोड्यांनी दिला आणि त्या थोड्यांच्या जोरावर २०११ साली फेसबुकच्या एकूण उत्पन्नातला १२ टक्के हिस्सा एकट्या झिंगामुळे येत होता. शेअर बाजारात उतरताना फेसबुकनेच हे कागदोपत्री लिहून दिलंय. आकडेवाली बाई म्हणून मला हा आकडा घाबरवतो. पीक वाळायचं कारण शेतीशास्त्र नव्हतं. तुम्ही परत यावं म्हणून ते वाळवलं जात होतं.

कँडी क्रश या रंगीत गोळ्या जुळवायच्या खेळाने हेच जास्त सफाईने केलं. २०१२ मध्ये आधी फेसबुकवर, मग फोनवर. पाच जीव, एक गेला की अर्धा तास थांबा, नाहीतर मित्राकडे मागा. आमचे एक निवृत्त साहेब, ज्यांच्याकडे एक किरकोळ रजा मागायची तरी आदल्या रात्रीपासून वाक्यं जुळवावी लागत, ते मला रात्री अकराला लाइफ मागायचे. मी दर वेळी थोडा वेळ जाऊ देऊन मंजूर करायचे. हे सुख कुठल्या खेळात मिळतं सांगा! पण ज्यांना खेळायचंच नव्हतं ते या मागण्यांनी वैतागले होते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मार्क झुकरबर्ग आयआयटी दिल्लीत प्रश्नोत्तरांना आला, तेव्हा सगळ्यात जास्त मतं मिळालेला प्रश्न देशाच्या इंटरनेटचा वगैरे नव्हता, तर कँडी क्रशची आमंत्रणं कशी थांबवायची हा होता.

फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, ते ज्या फ्लॅशवर चालायचं ते तंत्रच त्या दिवशी संपलं. मी तोवर कधीच सोडलं होतं. त्या वर्षी आमच्या घरात लुडो किंगचं राज्य होतं. हा आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा खेळ, २०१६ चा, पण टाळेबंदीत घराघरांत शिरला. सासूबाई देवरूखहून व्हॉट्सअ‍ॅपवर खोलीचा कोड पाठवायच्या. त्या खेळात त्यांचे दोन्ही मुलगे एका पटावर असत, कारण आईने बोलावलं तर नाही कोण म्हणणार? दावा कोर्टात आणि सोंगट्या एका घरात. सासूबाईंची तक्रार एकच: सहा पडत नाही, ते कंपनीवाले आधीच ठरवून ठेवतात. मी त्यांना तसं नसतं म्हणून सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं.

हे सगळं ऐकून माझा मुलगा म्हणतो, तुमची पिढी काहीही करत होती. तो स्वतः 'खरे' गेम खेळतो, हेडफोन लावून, आरडाओरडा करत. मागच्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकला निघाला तेव्हा रेंज नसणार म्हणून त्याने माझ्या फोनवर स्नॅपचॅटचं आपलं खातं उघडून दिलं आणि नावांची यादी दिली. या सगळ्यांना रोज एकेक फोटो पाठवायचा, नाहीतर स्ट्रीक तुटते. म्हणजे नावापुढची ती ज्वाळा आणि दिवसांचा आकडा जातो. कसला फोटो, विचारलं तर म्हणाला, कसलाही, भिंतीचा पण चालेल. मी भिंतीचे पाठवले. पलीकडून कोणाच्या छताचे आले, कोणाच्या चपलेचे, एकाकडून रोज अंधाराचा.

तो परत आल्यावर मी विचारलं, हा अंधारवाला कोण?

"आठवीत होता माझ्याबरोबर. मग ते लोक नागपूरला गेले."

"काय करतो आता?"

"काय माहीत. आम्ही बोलत नाही, फक्त स्ट्रीक आहे."