रावेरकडचा पाच व्हॉल्व्हचा संच : आधीच्या मेकॅनिकचे काम आणि माझी घाई

रावेर तालुक्यातील एका केळी बागायतदाराच्या धाब्याच्या घरात, धान्याच्या कोठीवर पडून असलेला एक व्हॉल्व्हचा रेडिओ फेब्रुवारीत माझ्याकडे आला. त्याचे काम आता बरेच पुढे सरकले आहे. संच रिमलॉक या आठ पिनांच्या मालिकेतील व्हॉल्व्हांचा आहे : ईसीएच ४२, ईएफ ४१, ईबीसी ४१, ईएल ४१ आणि रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा, म्हणून एझेड ४१. ज्यांच्याकडे या मालिकेचे संच आहेत त्यांना ही नोंद उपयोगी पडेल, असे वाटते. कारण बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पुढे देशात व्हॉल्व्ह तयार केले खरे, परंतु मला बाजारात भेटलेले त्यांचे बहुतेक व्हॉल्व्ह नऊ पिनांचे आहेत आणि रिमलॉकसाठी जुन्या साठ्यांवरच अवलंबून राहावे लागते.

संचाची अवस्था खानदेशातील उन्हाळ्यांना साजेशी होती. पेपर कंडेन्सरांवरील मेण वितळून चासीवर (ज्या पत्र्यावर सारे भाग बसवलेले असतात त्यावर) थिजले होते, कॅबिनेटचा व्हिनिअर एका कडेने सुटला होता, रबरी आवरणाच्या तारा हात लावताच भुगा होत होत्या आणि आयएफटीच्या (मधल्या वारंवारतेच्या ट्रान्स्फॉर्मरच्या) एका डब्यात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. ते घर कोरड्या कुंचल्याने काढण्यात अर्धा दिवस गेला, कारण आतील तार केसाएवढी बारीक असते आणि ओलसर फडक्याचा मोह आवरावा लागतो. स्पीकरचा कागद मात्र उंदरांनी सोडला होता.

असा संच थेट विजेवर लावायचा नाही, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. मी साठ वॉटच्या जुन्या तारेच्या दिव्याचा सिरीज बोर्ड वापरतो, म्हणजे संचाकडे जाणारी वीज आधी त्या दिव्यातून जाते. एलईडी दिवा या कामाला निरुपयोगी आहे, कारण प्रवाह वाढल्यावर तार तापून तिचा रोध वाढणे, हेच सिरीज दिव्याचे सारे कार्य आहे. भुसावळच्या बाजारात असा दिवा मागितल्यावर दुकानदाराने तो देवघरासाठी हवा आहे का, असे विचारले.

चासी उलटी केल्यावर मला जे दिसले, त्यानेच हे काम दोन महिने लांबले. एझेड ४१ च्या सॉकेटमध्ये व्हॉल्व्ह नव्हताच. त्याच्या जागी खालच्या बाजूस दोन बीवाय १२७ डायोड, त्यांच्यापुढे एक जाड वायरवाउंड रेझिस्टन्स आणि त्यानंतर एकाच फिल्टर कंडेन्सरऐवजी ३५० व्होल्टचे दोन कंडेन्सर सिरीजमध्ये जोडलेले होते. प्रत्येकाला २२० किलोओहमचा रेझिस्टन्स समांतर दिलेला होता आणि वरच्या कंडेन्सरच्या डब्याभोवती पुठ्ठा गुंडाळून दोऱ्याने बांधला होता. बाजूला पेन्सिलीने एक तारीख लिहिलेली होती, तिच्यातील ‘७४’ एवढेच वाचता येत होते. हे सारे पाहून मला हसू आले, हे कबूल केले पाहिजे. व्हॉल्व्ह मिळाला नाही म्हणून डायोड, ४५० व्होल्टचा कंडेन्सर मिळाला नाही म्हणून दोन लहान, आणि पुठ्ठा कशासाठी हे तर देवच जाणे, अशी मी समजूत करून घेतली आणि ते सर्व उपटून टाकले. उपटण्यापूर्वी छायाचित्र काढले, एवढीच एक शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून घडली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एझेड ४१ मागवला. त्याने खिशाला चांगलीच चाट बसली. बसवला, सिरीज दिव्यावर लावला, पण व्हॉल्व्हमधील तार लाल होईना. हा व्हॉल्व्ह थेट तापणारा आहे. त्याला ४ व्होल्ट आणि ०.७२ अँपिअर लागतात आणि ते ट्रान्स्फॉर्मरच्या स्वतंत्र वाइंडिंगमधून मिळतात. मीटर लावला, तर ते वाइंडिंग तुटलेले निघाले. म्हणजे आधीच्या मेकॅनिकने व्हॉल्व्हच्या अभावी नव्हे, तर वाइंडिंग गेल्यामुळे आणि बाकीचा ट्रान्स्फॉर्मर शाबूत असल्यामुळे डायोड घातले होते. ट्रान्स्फॉर्मर पुन्हा गुंडाळून आणण्याचा खर्च त्याने गिऱ्हाइकाचा वाचवला होता.

मी डायोड पुन्हा घातले, पण बीवाय १२७ ऐवजी हाताशी असलेले १एन ४००७ घातले आणि फिल्टरला ४५० व्होल्टचा एकच नवा कंडेन्सर दिला. सिरीज दिव्यावर सर्व सुरळीत दिसले. दिवा काढून थेट २४३ व्होल्टवर लावताच मीटर ४५० ओलांडून ४६८ च्या आसपास गेला आणि मी झटकन बटण बंद केले. व्हॉल्व्हचे कॅथोड तापून प्रवाह ओढू लागेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद जातात. तोवर एचटीवर, म्हणजे व्हॉल्व्हांना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजवर, भारच नसतो आणि सिलिकॉन डायोडमध्ये व्होल्टेजची घट नगण्य असल्याने कंडेन्सर शिखर व्होल्टेजपर्यंत भरतो. सेकंडरी २२० व्होल्टला ३०० ची असेल, तर २४३ ला ती ३३१ होते आणि तिला १.४१४ ने गुणले की नेमका तोच आकडा येतो. सिरीज दिव्याने हा दोष झाकून ठेवला होता.

चासी घेऊन अमळनेरला गेलो. तेथील एका निवृत्त मेकॅनिक आबांचे दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. व्हॉल्व्हवरून ते ट्रान्झिस्टरकडे, तेथून टीव्हीकडे वळले आणि पुढे जळगावच्या गोलाणी मार्केटात मुलाने मोबाइलचे दुकान टाकल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी घरी आणली. आता त्यांना बारीक डाख दिसत नाही, पण छायाचित्र मोठे करून दाखवल्यावर त्यांनी ते बराच वेळ निरखले आणि एवढेच विचारले, “त्यानी असं काबरं करं व्हई?” मी व्हॉल्व्हची टंचाई वगैरे सांगू लागलो, तेव्हा त्यांनी संच कोठला ते विचारले. रावेर म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. केळीच्या पट्ट्यात दिवसभर विहिरींवरचे पंप चालले की व्होल्टेज पार बसते आणि रात्री पंप बंद झाले की ते उसळते. रेडिओ लावायची वेळ नेमकी तीच. म्हणून सिरीजमधील दोन कंडेन्सर, जे मिळून ७०० व्होल्ट सोसतात. म्हणून दोघांवर समान वाटणी राहावी यासाठी समांतर रेझिस्टन्स. आणि पुठ्ठा? वरच्या कंडेन्सरचा धातूचा डबा चासीवर नसून अर्ध्या एचटीवर, म्हणजे दोनशेहून अधिक व्होल्टवर असतो. ज्याचा हात पुढे कधीतरी चासीत जाईल, त्याच्यासाठी तो पुठ्ठा होता. अर्थात माझ्यासाठीही.

डायोडांबद्दलही आबांनी टोकले. अशा जोडणीत प्रत्येक डायोडवर उलट दिशेने शिखराच्या दुप्पट व्होल्टेज येते, म्हणजे माझ्या मोजणीप्रमाणे ९३६. बीवाय १२७ हा १२५० व्होल्ट सोसतो, १एन ४००७ मात्र १००० च. त्यामुळे आता प्रत्येक बाजूस दोन-दोन डायोड सिरीजमध्ये आहेत. कंडेन्सर नवे, पण जोडणी जुनीच. रेझिस्टन्स नवे, पण किमती त्याच. पुठ्ठ्याऐवजी उष्णतेने आक्रसणारी नळी वापरली. याखेरीज मी मागचा व्होल्टेज निवडक २२० वरून २४५ वर नेला, त्यामुळे सुरुवातीचा उसळा ४२० च्या आसपास थांबतो.

त्यानंतरचे काम नेहमीचे होते. ईबीसी ४१ च्या ॲनोडवरून ईएल ४१ च्या ग्रिडकडे जाणारा कंडेन्सर गळत होता. ईएल ४१ च्या कॅथोडवर १७० ओहमच्या रेझिस्टन्सपाशी सुमारे ७ व्होल्ट अपेक्षित असतात, तेथे ११.९ मिळाले, म्हणजे ७० मिलिअँपिअर. नऊ वॉट सोसणाऱ्या व्हॉल्व्हला हे फार काळ झेपले नसते आणि त्याच्यासोबत आउटपुट ट्रान्स्फॉर्मरही गेला असता. ६३० व्होल्टचा पॉलिस्टर कंडेन्सर लावल्यावर ७.२ वर स्थिरावले. नवशिक्यांनी संचातील इतर सर्व कंडेन्सर नंतर बदलले तरी चालतील, पण हा एक पहिल्याच दिवशी बदलावा.

डायलचा दोरा बदलताना नायलॉनचा मांजा वापरून पाहिला. तो ताणला जातो आणि घसरतो, म्हणून विणलेला मासेमारीचा दोर घातला. काचेवर सिलोन आहे, जळगाव आकाशवाणी अर्थातच नाही. पण ३११ मीटरच्या जागी कोणीतरी काचेच्या कडेला नखाएवढी खूण केलेली आहे आणि जळगाव केंद्राचा, म्हणजे ९६३ किलोहर्ट्झचा, सिग्नल सोडल्यावर काटा त्या खुणेवरच येऊन थांबला. मीडियम वेव्हचे ट्रिमर (काटा जुळवण्याचे लहान कंडेन्सर) मी त्यामुळे हलवलेले नाहीत.

राहिला आहे तो शॉर्ट वेव्हचा दोष. २५ मीटरपर्यंत संच चांगला चालतो, ४९ मीटरकडे जाताना ऑसिलेटर, म्हणजे ईसीएच ४२ मधील संचाच्या आतच लहरी निर्माण करणारा ट्रायोडचा भाग, बंद पडतो. त्याच्या ग्रिडचा प्रवाह सुमारे ३५० मायक्रोअँपिअर असायला हवा, तो त्या टोकाला १०० च्याही खाली उतरतो. लक्षणे ईसीएच ४२ थकल्याची आहेत आणि एका परिचितांनी नवा व्हॉल्व्ह देऊही केला आहे. पण तो मागवण्यापूर्वी ट्रायोडच्या ॲनोडचा ३३ किलोओहमचा रेझिस्टन्स वाढून किती झाला आहे ते मोजणार आहे, आणि बँड स्विचच्या त्या एका टोकाला आधीच्या मेकॅनिकने जी जादा तार डाखली आहे, ती कशासाठी आहे तेही पाहणार आहे.