आजीची पदवी मुंबईची, म्हणून आम्ही बाद?

‘विद्यापीठ भिन्न.’ आमच्या अर्जाच्या समासात लाल शाईने एवढंच लिहिलं होतं. या दोन शब्दांपायी माझे अकरा आठवडे गेले. सत्कार होऊनही महिना झाला, तरी तो अर्ज आठवला की मला राग येतो. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय. आमच्यासारखी घरं पुष्कळ असणार आणि त्यांच्या अर्जांवरही हाच शेरा पडणार, याची मला खात्री आहे.

झालं असं. पुण्यातल्या ज्या कॉलेजात आमच्या घरातले चौघं शिकले, तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेने ठरवलं की तीन किंवा जास्त पिढ्या जिथे शिकल्या अशा कुटुंबांचा वर्धापनदिनी सत्कार करायचा. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण त्या कार्यालयातल्या माणसांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. कल्पना मला फार आवडली. बाबांना तर इतकी आवडली की त्याच संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. आजी तिथून 1946 साली बी. ए. झाली, बाबा 1974 ला बी. एस्सी., मी 2001 ला बी. ए. आणि माझी भाची 2017 ला. म्हणजे पिढ्या चार, असं बाबांचं म्हणणं. आजी, बाबा, मी, भाची असं ते बोटांवर मोजून दाखवतात. भाची माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, तेव्हा त्यांचंच बरोबर.

कागद जमवायला त्रास झाला नाही. आजीची पदवी पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेली होती, कडा थोड्या पिवळ्या पडल्या होत्या इतकंच. बाबांची फाईलमध्ये, आमची दोघींची कपाटात. एक अडचण येईल असं वाटलं होतं: आजीच्या पदवीवर तिचं माहेरचं नाव आहे. त्या काळच्या लग्नाचा नोंदणी दाखला कुठून आणणार? पण आजी शाळेत शिक्षिका होती आणि तिच्या सेवापुस्तकाची नक्कल बाबांनी पेन्शनच्या कागदांबरोबर जपून ठेवली होती. त्यात लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं आहेत. ज्यांच्या घरात आजी, पणजी, मावशी नोकरीला होत्या त्यांनी पहिल्यांदा सेवापुस्तक शोधावं. प्रतिज्ञापत्र करायची वेळच येत नाही.

अर्ज दिला. आठ दिवसांनी शेरा मारून परत.

अर्जातली अट अशी होती: ‘कुटुंबातील किमान तीन पिढ्यांनी याच महाविद्यालयातून एकाच विद्यापीठाची पदवी घेतलेली असावी.’ आजीच्या पदवीवर युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे. बाबांच्या पदवीवर युनिव्हर्सिटी ऑफ पूना. माझ्या पदवीवर इंग्रजीत पूनाचं पुणे झालेलं. भाचीच्या पदवीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कारण 2014 साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला. कॉलेज एक, वर्गाच्या खिडकीबाहेरचं झाडसुद्धा तेच, आणि चार कागदांवर चार नावं.

टेबलावरच्या गृहस्थांनी बाकीची तीन नावं एकाच विद्यापीठाची आहेत हे मान्य केलं. आजीला सोडूनही आमच्या तीन पिढ्या भरत होत्या, पण अर्जात तिचं नाव होतं म्हणून ते तिच्याच कागदाशी अडले.

“मॅडम, आजी मुंबईला शिकल्या. त्या आपल्याकडच्या नाहीत.”

“अहो, आजी आयुष्यात मुंबईला शिकली नाही. ती याच इमारतीत शिकली. तेव्हा हे कॉलेजच मुंबई विद्यापीठाकडे होतं.”

“असेल. पण कागदावर मुंबई आहे ना.”

आता यात न समजण्यासारखं काय आहे? मुंबई विद्यापीठ 1857 चं. पुढची नव्वद वर्षं पुण्याच्या कॉलेजांतली मुलं परीक्षा द्यायची ती मुंबई विद्यापीठाची. मॅट्रिकसुद्धा विद्यापीठच घ्यायचं, एस. एस. सी. बोर्ड त्यानंतरचं. आजी 1942 ला मॅट्रिक झाली आणि जूनमध्ये कॉलेजात आली. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ सुरू झालं. वर्ग ओस पडले तेव्हाच्या गोष्टी ती आम्हाला सांगायची. मग इंटर, ज्युनिअर, सीनियर असं करत 1946 ला ती बी. ए. झाली. पुणे विद्यापीठाचा कायदा मुंबईच्या विधिमंडळाने 1948 साली केला आणि विद्यापीठ सुरू झालं 10 फेब्रुवारी 1949 ला. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई राज्याचे पंतप्रधान (मुख्यमंत्र्यांना तेव्हा असंच म्हणत), गणेशखिंडीतली जागा मिळाली ती त्यांच्या पुढाकाराने, आणि बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. तेव्हाच्या मुंबई राज्यातले बारा जिल्हे नव्या विद्यापीठाकडे आले, अठरा कॉलेजं आणि आठ हजारांच्या आसपास विद्यार्थी. म्हणजे आजीचं कॉलेज कुठे गेलं नव्हतं. त्याच्यावरचं विद्यापीठ बदललं, आणि तेही ती बाहेर पडल्यावर तीन वर्षांनी.

हे सगळं मी तोंडी सांगितलं. उत्तर मिळालं, “लेखी द्या.”

लेखी दिलं. तीन आठवडे काही कळलं नाही. मग गेले तेव्हा समजलं की पत्र समितीपुढे गेलंच नाही, कारण त्यावर आवक क्रमांक नाही. पत्र माझ्या समोर ट्रेमध्ये ठेवलं होतं त्या गृहस्थांनी! तिथून पुढे मी एकही कागद पोच घेतल्याशिवाय दिला नाही. दोन प्रती न्यायच्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यायची, आवक क्रमांक आपल्या हाताने वहीत उतरवायचा. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

समितीची बैठक महिन्यातून एकदा. त्या बैठकीतून निरोप आला की पुणे विद्यापीठाचं पत्र आणा, की आजींची पदवी त्यांची समजावी. मी तो निरोप दोनदा वाचला. जे विद्यापीठ 1949 ला सुरू झालं ते 1946 च्या पदवीचं पत्र कसं देणार? मी हेच विचारलं. मग सांगण्यात आलं, तसं असेल तर मुंबईचं आणा, की हे कॉलेज तेव्हा त्यांचं होतं. वर्धापनदिनाला तेव्हा सहा आठवडे राहिले होते. मुंबईला अर्ज, तिथलं शोधकाम, उत्तर, मग पुढच्या महिन्याची बैठक, हे गणित कुठल्याच बाजूने बसत नव्हतं. बाबा म्हणाले, “जाऊ दे गं, राहू दे.” आवाजावरून कळत होतं की त्यांना राहू द्यायचं नाहीये. आजी जाऊन चौदा वर्षं झाली. तिच्या नावाचा त्या कॉलेजात कुणी उच्चार करावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या काळात तिच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्या काळात ती रोज सायकल मारत यायची. तिच्यामुळे बाबा तिथे गेले, बाबांमुळे आम्ही. सगळ्या माळेची सुरुवात तिची आणि वगळायचं तिलाच?

त्याच कार्यालयाबाहेरच्या बाकावर मला एक काका भेटले. त्यांचे वडील 1939 चे पदवीधर, म्हणजे पदवी मुंबईचीच. त्यांचा अर्ज माझ्याआधी परत आला होता आणि त्यांनी नाद सोडून दिला होता. फक्त आपली फाईल न्यायला ते आले होते. त्यांना बघून मी ठरवलं की हा मुद्दा एकट्या आजीसाठी लढवायचा नाही, अटच बदलून घ्यायची. कारण 1949 च्या आधीचा पदवीधर ज्या ज्या घरात आहे ते प्रत्येक घर या अटीने बाद होत होतं. म्हणजे सगळ्यात जुनी घरंच.

वाट दाखवली ती त्याच कॉलेजच्या एका निवृत्त ग्रंथपालांनी. बाबांच्या ओळखीने मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पत्रं मागत बसू नकोस बाळ. पत्र लिहायला माणूस लागतो. छापलेलं आहे तेच दाखव.”

मग एका आठवड्यात मी चार गोष्टी जमवल्या. कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या वार्षिक अंकांच्या बांधीव फायली आहेत. त्यात आजीच्या वर्षाच्या अंकात परीक्षांचे निकाल छापलेले आणि त्यात माहेरच्या नावाने ती सापडली. ग्रंथालयातल्या मुलीने पान उलटलं आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो. कॉलेजच्या जनरल रजिस्टरमधली, म्हणजे प्रवेश घेतलेल्यांच्या नोंदवहीतली, तिची नोंद, प्रवेशाच्या तारखेसकट. मुंबई विद्यापीठाचं चाळीसच्या दशकातलं कॅलेंडर (म्हणजे विद्यापीठाचं छापील माहितीपुस्तक), त्यात संलग्न कॉलेजांची यादी आणि त्या यादीत हे कॉलेज. आणि पुणे विद्यापीठाच्या कायद्याची प्रत. प्रत्येकाची साक्षांकित झेरॉक्स. वर एका पानाचा तक्ता: नाव, नातं, कॉलेजात असल्याची वर्षं, त्या वर्षी कॉलेज कोणत्या विद्यापीठाकडे, पुरावा कुठल्या पानावर. लांबलचक पत्र लिहू नका, कुणी वाचत नाही. तक्ता मात्र वाचला जातो.

शेवटी एक विनंती जोडली, की अटीतले शब्द बदलून ‘हे महाविद्यालय त्या त्या वेळी ज्या विद्यापीठाशी संलग्न होते त्याची पदवी’ असे करावेत.

बैठक गुरुवारी होती. शुक्रवारी सकाळी फोन आला. फोनवर तेच टेबलावरचे गृहस्थ. “मॅडम, ठराव झाला. तुमचेच शब्द घेतलेत.” मी फोन ठेवून बाबांकडे गेले आणि मला बोलता येईना. मग पहिला फोन त्या बाकावरच्या काकांना केला. त्यांचा नंबर घेऊन ठेवला होता. त्यांचा अर्जही मंजूर झाला आणि ते वर्धापनदिनाला आमच्या शेजारच्याच रांगेत बसले होते.

समारंभाचं काय सांगू, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, जसा असतो तसा होता. आजीचं नाव दोन्ही आडनावांनी घेतलं गेलं. ते मी आधी लिहून दिलं होतं. तुम्हीही द्या, नाहीतर सूत्रसंचालक समोर दिसेल ते वाचतो. बाबा उठले तेव्हा त्यांनी पँटच्या खिशातून आजीचा छोटा फोटो काढून हातात धरला. मला माहीतच नव्हतं त्यांनी तो आणलाय.

हा घोळ फक्त पुण्याचा आहे असं समजू नका. कोल्हापूरच्या जुन्या कॉलेजात आजोबा असतील तर मुंबई, वडील पुणे आणि 1962 नंतरचे सगळे शिवाजी विद्यापीठ. सोलापूरकरांना 2004 पासून स्वतःचं विद्यापीठ, म्हणजे त्यांच्या एकाच कॉलेजात चार विद्यापीठं होतात. जळगाव, धुळे 1990 पर्यंत पुण्याकडे होते. औरंगाबादचे जुने पदवीधर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे, कारण मराठवाडा विद्यापीठ 1958 चं. गोव्यातली कॉलेजंही 1985 ला गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईकडे होती. तेव्हा असा सत्कार, शिष्यवृत्ती, कोनशिलेवरचं नाव, कशासाठीही अर्ज करायचा असेल तर आधी वर्षं मांडा आणि त्या वर्षी कॉलेज कुणाकडे होतं ते शोधा. आणि तुम्ही स्वतः अशा समितीवर असाल तर कृपा करून अट कॉलेजच्या नावाने लिहा.

जनरल रजिस्टर बघायला प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लागतो, हे वर सांगायचं राहिलं. नात्याचा पुरावा सोबत न्या. सुट्ट्या आणि प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नका, रजिस्टर काढून द्यायला कुणी मोकळं नसतं.

अजून एक. जुनी पदवी लॅमिनेट करू नका. दुकानदार आग्रह करतो, मला एकाने केला होता. तो कागद गरम प्लॅस्टिकमध्ये गेला की परत निघत नाही. आधी तिचा नीट फोटो काढा, झेरॉक्ससाठीही मूळ कागद वारंवार दाबू नका. आजीची पदवी मी मऊ कापडात गुंडाळून पुन्हा त्याच नळकांड्यात घातली आहे. बाबांनी त्यावर चिठ्ठी चिकटवली, आजीचं माहेरचं नाव आणि खाली 1946.