अधिकाचं चिन्ह

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकणाऱ्या टपऱ्यांवर हल्ली साबणाच्या वडीएवढी एक रंगीत वस्तू लटकलेली दिसते: हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं, '४०० इन वन'. जरा मोठ्या दुकानात काचेआड तिची श्रीमंत चुलतबहीण बसलेली असते: साडेतीन इंची पडदा, आत लिनक्स आणि खोक्यावर १०,००० गेम. दुकानदार पहिला आकडा हाच सांगतो. आपणही मान डोलावतो. भाजीवर फुकटची कोथिंबीर मागणारी माणसं आपण. अधिक दिसलं की हात पुढे होतोच.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्यांनी खेळलाय, त्यांनी तरी या आकड्याला भुलू नये. तेव्हाच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९९९९ इन वन' छापलेलं असायचं. फुंकर मारून ती खाचेत बसवली की यादीची पानं संपता संपायची नाहीत आणि आतून निघायचे मोजके चार-सहा खेळ: मारिओ, कॉन्ट्रा, टँक, रोड फायटर. उरलेले सगळे तेच, फक्त कुठे दुसऱ्या लेव्हलपासून, कुठे जास्त जीव देऊन. (फुंकरीचा उपयोग नव्हताच. कॅसेट काढून परत लावल्यामुळे आतल्या धातूच्या पट्ट्या नीट टेकायच्या; तोंडातली वाफ उलट त्या पट्ट्या गंजवायची.) आजची दहा हजारांची यादी हीच लबाडी ऐटीत करते. एकच गेम अमेरिकी, जपानी आणि युरोपी आवृत्तीत तीनदा भेटतो. निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रासाठी अमेरिकेत परवान्यानिशी निघालेले गेमच मुळात सातशेच्या आसपास. शिवाय यंत्रासोबतच्या त्या भरलेल्या मेमरी कार्डात मूळ मालकांची परवानगी नावालाही नसते. म्हणजे गेमच्या संख्येला गुण शून्य.

गुण द्यायचे ते पडद्याच्या डावीकडच्या अधिकाच्या चिन्हाला. हे चार हातांचं बटण निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२च्या 'गेम अँड वॉच'मधल्या डाँकी काँगसाठी बसवलं आणि तेव्हापासून डाव्या अंगठ्याचं घर तेच आहे. वरून प्लास्टिकचा एकच तुकडा दिसतो. त्याच्या पोटाशी मधोमध एक टेकू असतो, त्याखाली रबराची पातळ गादी, गादीला चार दिशांना कार्बनच्या चार काळ्या टिकल्या आणि खाली सर्किट बोर्डावर तांब्याचे चार ठिपके. उजवीकडे दाबलं की चिन्ह टेकूवर कलतं, उजवी टिकली ठिपक्याला टेकते. टेकू बुटका असला किंवा रबर मऊ असलं की चिन्ह कलण्याऐवजी बसतं, आणि उजवीबरोबर वरची किंवा खालची टिकलीही टेकते. न मागितलेली ही तिरपी दिशा म्हणजे स्वस्त यंत्राचा जुना आजार.

तो दुकानात उभ्याउभ्या पकडता येतो. टँक लावा. उजवीकडे दाबून धरा आणि बटण न सोडता अंगठा किंचित वर, किंचित खाली डोलवा, वीसेक वेळा. टँक सरळ चालत राहिला पाहिजे. मध्येच तोंड वर किंवा खाली फिरवलं तर खूण पटली. मग कॉन्ट्रा. तिथे मागणी नेमकी उलटी: उजवी आणि खालची एकत्र दाबून धावता धावता तिरपं खाली झाडता आलं पाहिजे, तेही हट्ट न करता. एका खेळाला तिरपं अजिबात नको, दुसऱ्याला मागताक्षणी हवं. दोन्ही परीक्षांत उतरणारं चिन्ह मिळालं तर पुढच्या निम्म्या तक्रारी माफ करायला हरकत नाही. तिसरी परीक्षा टेट्रिसची: दहा रकान्यांत ठोकळा या टोकाकडून त्या टोकाला भराभर न्या. वाटेत तो आपल्या मनानं खाली सुटला तर खालची टिकली आगाऊ आहे.

आजार निघाला म्हणून यंत्र टाकून द्यायला नको. मागचे स्क्रू काढायचे, आधी बॅटरीचा जोड सोडवायचा, रबराची गादी उचलायची आणि तांब्याच्या प्रत्येक ठिपक्याचा थोडा भाग अगदी अरुंद चिकटपट्टीनं झाकायचा. उष्णता सोसणारी केशरी पट्टी असली तर उत्तम, साधी पारदर्शकही चालते. आता टिकली पुरती टेकल्याशिवाय जोड होत नाही. पट्टी रुंद झाली तर बटण बहिरं होतं. म्हणून आधी कमी झाका, बंद करा, टँक लावून पाहा, लागलं तर पुन्हा उघडा. उघडलंच आहे तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा टिकल्यांवरून फिरवा. बटणं चिकट होण्याचं कारण बहुधा इलेक्ट्रॉनिक नसतं, वडापावबरोबरच्या तळलेल्या मिरचीचं असतं.

उजव्या अंगठ्याची गोष्ट थोडक्यात. मारिओ पळता पळता उडी मारतो तेव्हा अंगठ्याचं टोक बी बटण धरून असतं आणि पोट ए बटण दाबतं. बटणं फार उंच किंवा फार लांब असली तर हे एका अंगठ्यात बसत नाही. शिवाय आजच्या चौकोनी मांडणीत ए उजवीकडे आणि बी खाली येतं, त्यामुळे अंगठा अवघडतो. रेट्रोआर्च म्हणजे अशा यंत्रांत जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम; त्याच्या क्विक मेन्यूत कंट्रोल्समध्ये जाऊन पळणं डावीकडच्या वाय बटणावर आणि उडी बीवर टाकावी आणि ही बदललेली मांडणी (रीमॅप) त्या कोअरपुरती, म्हणजे त्या जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या भागापुरती, जपून ठेवावी. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करताच 'बटणं वाईट' म्हणणारे पुष्कळ.

पडद्याची जाहिरात इंचांत होते, निवड मात्र गुणाकारानं करावी. जुन्या यंत्रांचं चित्र ठरलेल्या ठिपक्यांचं (पिक्सेलचं) असायचं. एका ठिपक्याचे पूर्णांकात दोन, तीन, चार झाले तर चित्र खणखणीत. साडेतीन इंची पडदे बहुधा ६४० गुणिले ४८० असतात. निन्टेन्डोचा आठ-बिट गेम २५६ गुणिले २४०. दुप्पट केला की ५१२ गुणिले ४८०, उंचीला नेमका. सेगाचं मेगा ड्राइव्ह ३२० गुणिले २२४. दुप्पट केलं की रुंदी काठोकाठ. १९८९चा मूळ गेम बॉय १६० गुणिले १४४. तिप्पट ४८० गुणिले ४३२, भोवती काळी चौकट राहते पण शोभते.

पंचाईत होते ती २००१च्या गेम बॉय अॅडव्हान्सची. तो २४० गुणिले १६०. दुप्पट केला तर ४८० गुणिले ३२०, आणि चारही बाजूंना बरोबर ८० ठिपके काळे उरतात. ही समता कागदावर सुंदर दिसते, डोळ्यांना मात्र चित्र अडीच इंचांचं मिळतं, मूळ यंत्राच्या २.९ इंचांहूनही लहान. रुंदीभर ताणलं तर पट होते २.६७, म्हणजे काही ठिपके तीन घरं रुंद, काही दोन. स्थिर चित्रात कळत नाही. जमीन सरकू लागली की विटांवरून लाट गेल्यासारखी चमचम होते. याच गेमसाठी यंत्र घ्यायचं असेल तर ७२० गुणिले ४८०चा पडदा शोधा, तिप्पट काटेकोर बसते. अॅन्बर्निक कंपनीच्या आरजी३४एक्सएक्स या यंत्रात तो आहे. रंग भडक वाटले तर दोष पडद्याचा समजू नका. मूळ यंत्राला मागून उजेड नव्हता, म्हणून गेम बनवणाऱ्यांनीच रंग मुद्दाम उजळ ठेवले होते. रंग उतरवणारा फिल्टर लावला की डोळे निवतात.

प्रोसेसरवर लोक तासन्तास बोलतात. आठ-बिट, सोळा-बिट आणि पहिलं प्लेस्टेशन हल्लीच्या चार गाभ्यांच्या कुठल्याही लिनक्स यंत्राला जड नाही. टपरीवरच्या स्वस्त वस्तूचा प्रश्न वेगळा, तिला आठ-बिटच्या पुढे नेऊच नये. तपासायचंच तर मारिओवर नको, कॅसेटमध्येच जादा चिप असलेला १९९५चा योशीज आयलंड लावा. यंत्र कच्चं असेल तर आवाज आधी फाटतो, चित्र नंतर अडखळतं.

उशीर मात्र मोजावा. फोनचा कॅमेरा २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवा, अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असं धरा, उडी मारा. मग एकेक फ्रेम सरकवत बटण दबल्यापासून मारिओचे पाय सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. सोळा निघाल्या तर ६७ मिलिसेकंद, छान. चोवीस म्हणजे १००. खड्ड्यात पडल्यावर स्वतःलाच दोष देत बसाल असा हा आकडा. रेट्रोआर्चच्या लेटन्सीत रन-अहेड (गेम आतल्या आत पुढे चालवून ठेवण्याची सोय) एक फ्रेम ठेवला तर साधारण १७ मिलिसेकंद परत मिळतात, बदल्यात प्रोसेसरला काम वाढतं. आणि ब्लूटूथ हेडफोन नकोतच. दीडशे-दोनशे मिलिसेकंद तिथे सहज जातात. नाणं घेऊन मारिओ पुढे गेला तरी त्याचा आवाज अजून वाटेत. वायरच्या हेडफोनची गोल खाच आहे का, ते खोक्यावर नाही, यंत्रावर बघा.

खरी परीक्षा ठाणे–वाशी लोकलमध्ये होते. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास, घरच्या सोफ्यावर न दिसणारं सगळं त्यात दिसतं. सकाळी ठाण्याहून निघालं की डाव्या खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येतं. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवूनही कॉन्ट्रातली गोळी दिसत नसेल तर तो पडदा फक्त घरचा. ऐरोलीला गर्दी चढली की कोपर अंगाशी येतात. तेव्हा कळतं की वरची खांद्याची बटणं अशा अवघडलेल्या मनगटातून लागतात का, आणि आवाजाचं चाक मांडीला घासून आपोआप फिरतं का. रबाळे-घणसोलीपर्यंत मनगट दुखू लागलं तर वजन नव्हे, तोल चुकलाय. उभ्या आकाराच्या यंत्रांत हे जास्त.

बॅटरीचा हिशेब घरीच करा. ३००० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ११.१ वॉट-तास. यंत्र दोन वॉट खात असेल तर साडेपाच तास. खात्री करायला खेळत बसायची गरज नाही: जुना गेम पहिल्या पानावर नुसता सोडला तर पुष्कळदा तो स्वतःच स्वतःला खेळून दाखवतो. उजेड निम्म्यावर ठेवून तसा लावून द्या आणि दर अर्ध्या तासाला टक्के लिहा. बऱ्याच यंत्रांत शेवटचे वीस टक्के साखरेसारखे विरघळतात, ते आधी माहीत असलेलं बरं. टपरीवरच्या '४०० इन वन'मध्ये मात्र जुन्या नोकियाची बीएल-५सी धाटणीची बॅटरी असते. तिचं एक सुख आहे: फुगली तर तिथल्याच टपरीवर दुसरी मिळते.

चार्जिंगचा एक घोळ नेहमीचा. यंत्राला सी-टाइप खाच असते, पण लॅपटॉपच्या चार्जरची दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की काहीच होत नाही. यंत्र मेलेलं नसतं. खाचेजवळ ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, समोर कुणी आहे हे चार्जरला त्यांच्यामुळे कळतं. बनवणाऱ्यानं पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. जुनी चपट्या टोकाची केबल आणि पाच व्होल्टचा साधा चार्जर वापरा.

आणि मेमरी कार्ड. सोबत आलेलं बिननावाचं कार्ड हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात कच्चा दुवा. पहिला गेम लावण्याआधी ते संगणकाला जोडून त्याची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून ठेवा. मग नामांकित कंपनीचं नवं कार्ड घ्या, आणि तेही एचटूटेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रॅमनं काठोकाठ लिहून-वाचून तपासा, कारण ६४ जीबी म्हणून सोळाचं कार्ड गळ्यात मारणारे कमी नाहीत. दोन खाचांचं यंत्र असेल तर एकीत सिस्टिम, दुसरीत गेम. सिस्टिम बिघडली तरी खेळ वाचतात. गेममध्ये केलेलं सेव्ह रेट्रोआर्च बहुधा बाहेर पडताना कार्डावर लिहितं. बटण दाबून धरून यंत्र मारलं की ते लिहायचंच राहतं आणि तीन दिवसांची मेहनत जाते. सेव्हिंगच्या मेन्यूत आपोआप लिहिण्याची वेळ ठरवता येते, ती साठ सेकंद करून ठेवा.

म्हणून शेवटची चाचणी पुन्हा लोकलमध्येच. सानपाडा सुटलं की लोक दाराकडे सरकू लागतात आणि हाताला वरची कडी हवी असते. पॉवरचं बटण एकदाच दाबा आणि मनात सेकंद मोजा. चार-पाचमध्ये पडदा काळा झाला, यंत्र खिशात गेलं आणि वाशीला उतरून पुन्हा चालू केल्यावर टँक त्याच अर्ध्या फुटलेल्या विटेसमोर उभा दिसला, तर दुकानदाराला पैसे विचारा.