चंदीगडच्या माथ्यावरचं भंगाराचं गाव

शिमला-मनालीच्या सहलीत चंदीगडला एक मुक्काम असतो आणि त्यातला जेमतेम तासभर रॉक गार्डनच्या वाट्याला येतो. धबधब्यापुढे फोटो, पुतळ्यांच्या रांगांवरून भरभर नजर, ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा एक शेरा, आणि बस सुटते. मी या खेपेला दोन सकाळी फक्त या बागेसाठी ठेवल्या, आणि दोन्ही पुरेपूर लागल्या. पहिली वाट समजून घेण्यात जाते. पुतळे जवळून बघायचे तर दुसरी हवीच.

बाग सेक्टर १ मध्ये, चंदीगड आखणाऱ्या वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्स (सरकारी इमारतींचा समूह) आणि सुखना तलावाच्या मधे आहे. इथवर येणारा रस्ता सरळसोट आणि रुंद. तिकीट काढून आत शिरलं की पहिल्याच दारात मान वाकवावी लागते. दारं मुद्दाम ठेंगणी केली आहेत आणि पुढची वाट सतत वळते, त्यामुळे पुढच्या अंगणात काय आहे ते पाऊल टाकेपर्यंत कळत नाही. चंदीगडच्या शहररचनेच्या जाहीरनाम्यात असं कलम आहे की शहरात किंवा उद्यानांत व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत. त्याच शहराच्या माथ्यावर ही बाग घडवणाऱ्या नेकचंद यांनी दोन हजारांवर पुतळे उभे केले. ते कुणा थोर पुरुषांचे नाहीत. घडे घेतलेल्या बायका, वाजंत्री, माकडं, मोर, आणि नुसतेच रांगेत उभे राहून आपल्याकडे बघणारे लोक.

नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४चा, शकरगढ तालुक्यातल्या एका खेड्यातला. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेलं. १९५१मध्ये नेकचंद चंदीगडच्या बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर म्हणून लागले. या बागेचं निम्मं रहस्य त्या नोकरीत आहे असं माझं मत. नवं शहर उभारायला जुनी खेडी पाडली जात होती. कौलं, माठ, कपबश्या, सायकलींचे सांगाडे यांचे ढीग कुठे पडतात, कुठल्या गोदामात पावसाने भिजून सिमेंटची पोती गोठली आहेत, डांबराची रिकामी पिंपं कुठे लोळताहेत, हे रोड इन्स्पेक्टरला रोजच्या फेरीत दिसायचंच. शिवाय काँक्रीट कसं वागतं हे त्याला हाताने ठाऊक. १९५८च्या सुमारास त्यांनी खात्याच्या साठ्याजवळच्या जंगलात एक झोपडी बांधली आणि सायकलवरून माल आणून तिथे साठवायला सुरुवात केली. ती जमीन बांधकामाला बंद होती. म्हणून काम नोकरी सुटल्यावर, रात्री, जुने टायर जाळून त्यांच्या उजेडात चालायचं.

सुरुवात दगडांपासून झाली. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याच्या ओढ्यांतून आणि घग्गर नदीच्या पात्रातून वाहत्या पाण्याने झिजलेले गोटे त्यांनी वेचून आणले. पहिल्या भागात ते चौथऱ्यांवर, कोनाड्यांत मांडलेले दिसतात. त्यांना छिन्नी लावलेली नाही. कुणात पक्षी दिसतो, कुणात बसलेली म्हातारी. गर्दी इथे थांबत नाही, पण थांबावं. पुढच्या सगळ्या पुतळ्यांची नजर याच निवडीत घडली.

आता पुतळ्यांकडे. बागेत ठिकठिकाणी जुन्या कामाला तडे गेले आहेत, त्यामुळे आतली रचना उघडी दिसते. सायकलीचा चिमटा उलटा ठेवला की दोन पाय तयार, हँडल वाकवलं की प्राण्याची शिंगं, मडगार्ड म्हणजे आयतीच पाठीची कमान. जिथे सायकल पुरत नाही तिथे सळई किंवा पाइपाचा तुकडा. या सांगाड्यावर गोणपाट, चिंध्या आणि तार गुंडाळून अंग भरायचं. लोखंड गुळगुळीत असतं, नुसतं सिमेंट त्यावरून घसरतं. चिंध्यांमुळे त्याला पकड मिळते आणि मालही कमी लागतो. त्यावर सिमेंट-वाळूचा थर, आणि वरून शुद्ध सिमेंटचा हात घोटून. ही घोटाई पावसाला अडवते. ती नीट झाली असेल तर चेहरा अजून तुळतुळीत दिसतो. घाईत झाली असेल तर वाळू उघडी पडून पृष्ठभाग खरबरीत होतो.

बांगड्यांचे तुकडे बसवायचे ते या शेवटच्या थरात, आणि वेळ फार थोडा असतो. सिमेंट फार ओलं असलं तर तुकडा वजनाने खाली सरकतो, आवळून आलं तर बसतो पण धरत नाही आणि एक-दोन पावसाळ्यांत निघून येतो. एका अंगणात हिरव्या बांगड्यांचं लुगडं नेसलेली बाई आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तुकडे आडवे चिकटवलेले नाहीत, कडेवर उभे खोचले आहेत, एकाला लागून एक. काचेचा पृष्ठभाग सिमेंटला सोडून देतो, म्हणून अर्धा तुकडा आत रुतला पाहिजे. शिवाय बांगडी मुळात वाकडी, त्यामुळे ओळी आपोआप निऱ्यांसारख्या पडतात. कमरेपाशी तुकडे बारीक आहेत, पायघोळाशी मोठे. ती चढउतार निवडून केलेली आहे. खालच्या काठाचे सातआठ तुकडे पडले आहेत आणि तिथे सिमेंटात बांगडीच्या जाडीच्या खाचा राहिल्या आहेत. खोचण्याची पद्धत त्या खाचांमुळेच कळते.

मला या माणसाची सगळ्यात मोठी ताकद वाटते ती वर्गवारीत. भंगार जमवून सगळं एकत्र चिकटवलेली कितीतरी कामं आपण शाळेच्या प्रदर्शनांत पाहतो, आणि ती कचऱ्यासारखीच दिसतात. इथे एका भिंतीत फक्त चिनीमातीचे विजेचे होल्डर आणि कटआउट (फ्यूजचे खोके), शेकड्यांनी. दुसरीत फक्त पालथे माठ. तिसरी, डांबराच्या पिंपांचा साचा करून ओतलेली. चौथी, गोठलेल्या सिमेंटच्या पोत्यांची, ज्यांवर अजून तागाच्या विणीचा ठसा आहे. भट्टीतली धातूची मळी आणि खंगर (जास्त भाजून वितळलेल्या विटा) वेगळ्या, फुटक्या बशा वेगळ्या, न्हाव्यांच्या दुकानातून आणलेले केस पुतळ्यांच्या डोक्यासाठी वेगळे. एका अंगणात एक जिन्नस, आणि पुतळ्यांचा एक मेळा म्हणजे एकाच सांगाड्याची पन्नास भावंडं. खेळकरपणा त्या पुनरावृत्तीतून येतो. एक बशीवाला माणूस पाहून आपण पुढे गेलो असतो. चाळीस बशीवाले एकदम रोखून पाहू लागले की हसू येतंच.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे सारं उघड झालं. बेकायदा बांधकाम म्हणून पाडून टाकता आलं असतं. पण शहराच्या हिरवाईची जबाबदारी असलेल्या एम. एस. रंधावा यांच्यासारख्यांनी पाठिंबा दिला आणि १९७६मध्ये बाग लोकांना खुली झाली. नेकचंद यांना ‘सब-डिव्हिजनल इंजिनिअर, रॉक गार्डन’ असं पद, पगार आणि पन्नास मजूर मिळाले. भंगार गोळा करायची केंद्रंही निघाली. ठेंगण्या दारांच्या चिंचोळ्या भागातून धबधब्यांच्या आणि पुढे झोक्यांच्या मोठ्या कमानींच्या भागात जाताना हा बदल अंगावर येतो: एकट्या हाताचं काम संपलं आणि गवंड्यांची फौज आली. झोक्यांवर मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त असतात. १९८३मध्ये बागेचं टपाल तिकीट निघालं, १९८४मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मुलांच्या संग्रहालयासाठीही त्यांनी अशीच बाग रचली, ती २००४मध्ये उतरवली गेली. त्यांचे पुतळे आज तिथल्या काही संग्रहालयांत आहेत.

टिकवणं हे घडवण्याहून अवघड काम आहे. बारीक तड्यातून पाणी सळईपर्यंत पोचतं, लोखंड गंजून फुगतं आणि सिमेंटला आतून फोडतं. म्हणून आधी हात जातात, मग कान, मग प्राण्यांच्या शेपट्या, कारण तिथे सिमेंटचा थर सगळ्यात पातळ. तड्यावर नुसतं नवं सिमेंट लिंपलं तर ते आकसून कडेने सुटतं आणि गंज आत चालूच राहतो. गंजकी सळई उघडी करून, घासून, गरज असेल तर बदलून, मग थर द्यावा लागतो आणि पुढचे सात-आठ दिवस पाणी मारावं लागतं. दोन हजार पुतळ्यांना हे करायचं तर कुशल हात कायमचे नेमायला हवेत. १९९६मध्ये नेकचंद परदेशी असताना पुतळ्यांची मोडतोड झाली, आणि पुढच्याच वर्षी नेकचंद फाउंडेशन स्थापन झालं. त्यामार्फत देशोदेशीचे स्वयंसेवक दुरुस्तीला येऊ लागले.

त्याआधी १९८९मध्ये रस्त्यासाठी बुलडोझर आले होते, तेव्हा लोक आडवे उभे राहिले आणि न्यायालयात निकाल बागेच्या बाजूने लागला. नेकचंद १२ जून २०१५ रोजी गेले. २०२५मध्ये उच्च न्यायालयाकडच्या रस्तारुंदीकरणासाठी आणि पार्किंगसाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला. ही भिंत म्हणजे साधं कुंपण नव्हे, तीही बागेच्याच रचनेचा तुकडा होती. वाहनं उभी करायला दुसरी जागा शोधता येते. ही भिंत जशीच्या तशी परत बांधता येत नाही, कारण तो माल आणि ते हात आता नाहीत. मला याचं मनापासून दुःख आहे.

जाणाऱ्यांसाठी: मडगावहून गोवा संपर्क क्रांती थेट चंदीगडला जाते, मुंबईहून वांद्रे टर्मिनसची गाडी आहे. ऑक्टोबर ते मार्च उत्तम. मे-जूनमध्ये सिमेंट तापतं आणि वाटांत वारा खेळत नाही. सकाळी दार उघडताच आत जावं, तेव्हा ऊन तिरपं असतं आणि बांगड्यांचे तुकडे चमकतात. वाट एकदिशा आहे, मागे फिरायला गर्दीत जागा मिळत नाही, म्हणून जिथे थांबायचं तिथे थांबून घ्या. पायऱ्या उंचसखल आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि उंच माणसांनी डोकं सांभाळावं. पुतळ्यांना हात लावू नये, खोचलेली काच हाताला कापते आणि हलली की निघते. बाहेर पडून सुखना तलावापर्यंत चालत जाता येतं. १९५८मध्ये सुखना चो हा ओढा अडवून तो तलाव केला, आणि त्याच सुमाराला नेकचंद याच भागातल्या ओढ्यांतले गोटे सायकलवर लादून जंगलात नेत होते.